'युनियन' आणि 'फेडरेशन' : एक राहून गेलेला धडा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



हीरक महोत्सवात मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. तो आढावा कार्यवाहांच्या अहवालात सविस्तर आलेला आहे आणि त्यात मी नव्याने भर घालावी असे काही नाही. तेव्हा मिळालेल्या वेळात मी एका चुकीविषयी बोलणार आहे. चूक माझी आहे, वर्गातली आहे आणि दोन इंग्रजी शब्दांची आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी आठवीला नागरिकशास्त्र शिकवीत असे. सहामाही परीक्षेत प्रश्न होता : संघराज्य म्हणजे काय, ते भारताच्या उदाहरणाने स्पष्ट करा. उत्तर मी वर्गात लिहवून दिले होते. अनेक राज्ये आपापसांत करार करून एकत्र येतात, काही अधिकार स्वतःकडे ठेवतात, काही मध्यवर्ती शासनाकडे सोपवितात आणि त्यातून जे राज्य निर्माण होते, त्याला संघराज्य म्हणतात. भारत हे असे संघराज्य आहे. सगळ्या वर्गाने ते जसेच्या तसे लिहिले. एका मुलीने लिहिले नाही. संघराज्याची व्याख्या तिने बरोबर दिली आणि पुढे लिहिले की, भारतातील राज्यांनी असा करार केल्याचे आढळत नाही, म्हणून भारताला ही व्याख्या पूर्णपणे लागू होत नाही. मी पाचांपैकी एक गुण कापला.

पेपर वाटले त्या दिवशी ती टेबलापाशी आली. भांडायला आली नव्हती. तिने एवढेच विचारले, "बाई, मग दिल्लीने कोणाशी करार केला होता?"

मी म्हटले, "पुस्तकात आहे तेच लिहायचं असतं." ती जागेवर जाऊन बसली.

शिक्षकाला उत्तर न येणे हा काही गुन्हा नव्हे. परंतु आपल्याला उत्तर येत नाही म्हणून मुलाचा प्रश्न चुकीचा ठरविणे ही निराळी गोष्ट आहे आणि ती मी केली. त्या प्रश्नाने पुढे माझा पिच्छा सोडला नाही. आज त्याचे उत्तर मला बऱ्यापैकी माहीत आहे, ते आपल्यापुढे ठेवते.

आपल्या राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात देशाचे वर्णन येते. मूळ इंग्रजीत तेथे 'युनियन ऑफ स्टेट्स' असे शब्द आहेत. देशाचे वर्णन म्हणून 'फेडरेशन' हा शब्द घटनेत कोठेही नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला हे दोन शब्द निदान दोन दिसतात. मराठीत मात्र आपण दोहोंसाठी 'संघराज्य' म्हणून मोकळे होतो. 'संघ' या शब्दाचे आपल्याकडे फारच काम आहे. सोव्हिएत युनियन हा संघ, लीग ऑफ नेशन्स हा राष्ट्रसंघ, युनायटेड नेशन्स हाही संयुक्त राष्ट्रसंघ, शिक्षकांचा संघ, ग्राहकांचा संघ आणि क्रिकेटचा संघ तर आहेच. शब्द जुना आणि मानाचा आहे. पाणिनीने तो 'गण' या अर्थाने सिद्ध केलेला आहे. पण एका शब्दावर इतकी ओझी लादली की त्याखाली नेमके काय आहे, ते दिसेनासे होते. माझी चूक तेथेच झाली. मी 'संघराज्य' शिकवीत होते; ते 'युनियन'चे की 'फेडरेशन'चे, हा प्रश्नच मला पडला नव्हता.

दोन्ही शब्द लॅटिनमधून आलेले आहेत. 'फेडरेशन'च्या मुळाशी 'फोएडुस' आहे. त्याचा अर्थ तह, करार. 'युनियन'च्या मुळाशी 'ऊनुस' आहे. त्याचा अर्थ एक. पहिल्या शब्दात आधी अनेक आहेत आणि ते वचनाने एकमेकांशी बांधले गेले आहेत. दुसऱ्यात भर एकपणावर आहे; ते एकपण कसे आले, याविषयी शब्द काही बोलत नाही. व्यवहारात हे अर्थ एकमेकांत मिसळतात, हे खरे. तरीही राज्यघटना लिहिणाऱ्याला त्यांतला एकच निवडावा लागतो.

तो ज्यांनी निवडला, त्यांना कारणही विचारले गेले आणि त्यांनी ते सांगितलेही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, याच शहरात, आज संविधान सदन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतीच्या मध्यवर्ती सभागृहात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला. 'युनियन' या शब्दावर टीका झालेली होती. घटना जर फेडरल धाटणीची आहे, तर सरळ 'फेडरेशन' का म्हणत नाही, असा आक्षेप होता. बाबासाहेबांच्या उत्तराचे पहिले पाऊल कोशकाराचे होते. दक्षिण आफ्रिका एकात्म राज्य असून स्वतःला युनियन म्हणविते, कॅनडा फेडरेशन असूनही त्याचे वर्णन युनियन असेच केले जाते. म्हणजे भारताला युनियन म्हटल्याने भाषेच्या रूढीला धक्का बसत नाही. दुसरे पाऊल विधिज्ञाचे होते. भारत फेडरेशन असले, तरी ते राज्यांनी आपापसांत केलेल्या करारातून जन्मलेले नाही. आणि करारातून जन्मलेले नसल्यामुळे कोणत्याही राज्याला त्यातून बाहेर पडण्याचा अधिकार नाही. अमेरिकेला ही गोष्ट यादवी युद्ध करून सिद्ध करावी लागली. आपण ती वादावर न सोडता आरंभीच स्पष्ट करावी, असे मसुदा समितीला वाटले.

हे भाषण मी प्रथम समग्र वाचले, तेव्हा माझ्या विद्यार्थिनीचे वाक्य तेथे जवळजवळ जसेच्या तसे उभे होते. राज्यांनी करार केलेला नाही. तेरा वर्षांच्या मुलीने जे लिहिले होते, ते मसुदा समितीच्या अध्यक्षांनी सभागृहात सांगितले होते आणि त्यासाठी मी एक गुण कापला होता.

आता इथे बसलेल्या वकील मंडळींच्या मनात एक शंका आली असेल. करार झालेच नाहीत कसे? संस्थानिकांनी सामीलनाम्यांवर सह्या केल्या होत्या ना? केल्या होत्या. परंतु त्या सह्यांचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरचाच तो इतिहास आहे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. ग्वाल्हेर आणि इंदूर ही शिंदे-होळकरांची संस्थाने १९४८ मध्ये 'मध्य भारत' या नव्या घटकात गेली. दिल्लीतल्या कितीतरी मराठी कुटुंबांचे मूळ घर ग्वाल्हेर किंवा इंदूरचे आहे. त्यांच्या आजोबांच्या कागदपत्रांवर 'मध्य भारत' हे राज्य सापडते. ते राज्य १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशात मिसळून गेले. ज्यांनी सह्या केल्या, ते घटकच उरले नाहीत. देश उरला.

आपल्या घटनेचे हे वैशिष्ट्य आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६९ साली सांगितले की, त्यांचे युनियनही अविनाशी आहे आणि त्यातली राज्येही अविनाशी आहेत. आपल्याकडे अविनाशी आहे ते फक्त युनियन. तिसऱ्या अनुच्छेदानुसार संसद राज्य निर्माण करू शकते, त्याच्या सीमा आणि नावही बदलू शकते. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची महाराष्ट्र आणि गुजरात अशी दोन राज्ये झाली, ती संसदेच्या कायद्याने. त्यामागे लोकांचे मोठे आंदोलन होते आणि हौतात्म्यही होते, हे मी विसरत नाही. पण ज्या दाराने महाराष्ट्र आत आला, ते दार या अनुच्छेदाचे आहे.

आणि दिल्ली? तिने कोणाशी करार केला, या प्रश्नाचे उत्तर आता देते. कोणाशीही नाही. १९१२ मध्ये पंजाबपासून वेगळी काढून ती चीफ कमिशनरच्या हाताखालचा प्रांत झाली. १९५२ मध्ये तिला विधानसभा मिळाली, १९५६ मध्ये ती गेली आणि दिल्ली केंद्रशासित प्रदेश झाली. १९९१ च्या एकोणसत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला पुन्हा विधानसभा आणि 'राष्ट्रीय राजधानी क्षेत्र' हे नाव मिळाले. चार वेळा रूप बदलले, एकदाही दिल्लीने कोणाशी तह केला नाही. तरीही दिल्लीकर भारताचा कोणापेक्षा तसूभर कमी रहिवासी ठरत नाही. आपल्या शाळेत नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरीदाबाद येथून मुले येतात. रोज सकाळी दोन-तीन सरकारांच्या हद्दी ओलांडून ती वर्गात बसतात आणि कुणाच्याही दप्तरात परवाना नसतो.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे मला आवश्यक वाटते, कारण शब्दाचा महिमा सांगता सांगता आपण शब्दालाच मंत्र समजू लागतो. 'युनियन' हे नाव घेतल्याने कोणतेही राज्य अभंग होत नाही. सोव्हिएत युनियनच्या नावातच तो शब्द होता. पण त्यांच्या १९७७ च्या घटनेत प्रत्येक प्रजासत्ताकाला बाहेर पडण्याचा हक्क लिहून ठेवला होता. १९९१ च्या डिसेंबरात ते संपले. त्यातून उरलेला सर्वांत मोठा देश आज स्वतःला 'फेडरेशन' म्हणवितो! युरोपियन युनियनच्या करारातही बाहेर पडण्याचे कलम आहे आणि त्या वाटेने ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडले. म्हणून नाव वाचून थांबू नये. नावाखालचे कलमही वाचावे. मुलांना मी हे आवर्जून सांगते.

तिसरा एक शब्द या दोघांचा चुलतभाऊ आहे आणि तो आपल्या जिव्हाळ्याचा आहे. इंग्रज इतिहासकार मराठ्यांच्या राज्याला 'मराठा कॉन्फेडरसी' म्हणतात. कॉन्फेडरसी म्हणजे त्याच लॅटिन करारातून आलेले, पण फेडरेशनपेक्षाही सैल बंधन : ज्याला वाटेल त्याने यावे, वाटेल तेव्हा बाजूला राहावे. हा शब्द त्यांनी आपल्याला लावला, म्हणून पूर्वी मला राग येत असे. मग मी तारखा मांडून पाहिल्या. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह परस्पर केला. पुढच्या वर्षी शिंदे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांशी लढले, तेव्हा होळकर बाजूला राहिले. ११ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, तो येथे, यमुनेपलीकडे पटपडगंजच्या परिसरात. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आवारात उभा आहे. त्यानंतर बारा दिवसांनी असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला. होळकर लढायला उभे राहिले ते पुढच्या वर्षी, १८०४ मध्ये. त्यांनी दिल्लीला वेढाही घातला, पण तोवर शिंदे आणि भोसले तह करून मोकळे झाले होते. पराभवाची कारणे अनेक होती. तोफखाना, पैसा, फितुरी यांचा विचार सोडून सगळे एका शब्दावर ढकलणे भाबडेपणाचे होईल. तरीपण 'करारावर उभे असलेले बंधन' म्हणजे काय, हे मुलांना समजावण्यासाठी मला अमेरिकेपर्यंत जावे लागत नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही आठवीच्या मुलांना पटपडगंजला नेले. तिथे आज उंच इमारती आहेत आणि पाहण्यासारखे काही नाही, अशी तक्रार मुलांनी केली. ती रास्त होती.

आणखी एका सवयीचा उल्लेख करते. घटनेत ज्याला 'युनियन लिस्ट' म्हटले आहे, तिला आपण केंद्र सूची म्हणतो. शाहजहान रोडवरील धोलपूर हाउसच्या फलकावर हिंदीत 'संघ लोक सेवा आयोग' असे लिहिले आहे; आपली मराठी वृत्तपत्रे त्याला केंद्रीय लोकसेवा आयोग म्हणतात. मीसुद्धा आताच दिल्लीला 'केंद्रशासित' म्हटले, कारण दुसरा शब्द तोंडात बसलेला नाही. 'युनियन'मध्ये सगळे येतात, 'केंद्र' म्हटले की एक बिंदू आणि त्याभोवतीचा परीघ डोळ्यांपुढे येतो. २०२१ मध्ये तामिळनाडूच्या सरकारने 'केंद्र' टाकून 'युनियन'चा तमिळ पर्याय वापरायला सुरुवात केली, तेव्हा बराच गदारोळ झाला. त्यामागे राजकारण होते. त्यात मला शिरायचे नाही. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, बाबासाहेबांनीही त्याच भाषणात मध्यभागी युनियन आणि परिघावर राज्ये, असेच चित्र काढले होते. पण त्यांनी दोन्ही शब्द जाणून वापरले. आपण एक वापरतो आणि दुसरा आहे, हेच विसरतो.

आता हे सगळे दिल्लीतल्या मराठी शाळेच्या मेळाव्यात का सांगायचे? त्याच भाषणात बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. अमेरिकेत माणूस देशाचाही नागरिक असतो आणि आपल्या राज्याचाही. भारतात राज्ये अनेक असली तरी नागरिकत्व एकच आहे. महाराष्ट्राचे नागरिकत्व, दिल्लीचे नागरिकत्व अशी वस्तूच नाही. 'फेडरेशन' न म्हणता 'युनियन' म्हणण्याची घरगुती फलश्रुती ही आहे. रेल्वेतल्या, टपाल खात्यातल्या, मंत्रालयांतल्या नोकरीसाठी आपले वडील-आजोबा येथे आले, तेव्हा ते कोणाच्या राज्यात पाहुणे म्हणून आले नव्हते. त्यांनी येथे गणपती बसविला, मंडळ काढले, ही शाळा काढली. त्यासाठी कोणत्याही दोन सरकारांनी आपापसांत ठराव केलेला नव्हता.

हे चित्र पूर्ण गोजिरे नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की एखादे पालक माझ्या कार्यालयात येतात. मुलगी घरी मराठी बोलते, शाळेत मराठी शिकली, दासबोधाच्या परीक्षा दिल्या. पण शालेय शिक्षण दिल्लीत झाल्यामुळे महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या राज्य कोट्यात तिला जागा नाही. "मॅडम, आम्ही मग कुठले?" असे ते विचारतात. १९८४ साली वैद्यकीय प्रवेशांच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, 'डोमिसाइल' हा शब्द राज्यांच्या बाबतीत वापरणेच चुकीचे आहे; भारतात डोमिसाइल एकच, भारताचे. राज्यात असते ते 'रेसिडेन्स', म्हणजे राहणे. पदवीच्या प्रवेशात राहण्याच्या आधारावर काही जागा राखायला न्यायालयाने मर्यादित मुभा दिली. पुन्हा दोन जवळचे शब्द आणि पुन्हा आपण दोन्हींना 'अधिवास' म्हणतो. त्या पालकांना मी प्रवेश मिळवून देऊ शकत नाही. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र देऊ शकते : तुम्ही भारताचे आहात. महाराष्ट्राचा कोटा हा राहण्याचा हिशोब आहे, तुमच्या मराठीपणाचा किंवा नागरिकत्वाचा नव्हे. त्याने त्यांचे समाधान होतेच असे नाही. माझेही पूर्ण होत नाही.

काही पालक यावरून निष्कर्ष काढतात की, मराठीत शिकल्यामुळे हे बारकावे सुटतात, तेव्हा माध्यमच बदलावे. मला हे पटत नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना युनियन आणि फेडरेशन हे दोन शब्द पाठ असतात. त्यातला फरक विचारा आणि पाहा. फरक कळण्यासाठी ते शब्द कुठेतरी अडावे लागतात. त्या मुलीला शब्द मराठीत अडला, म्हणून तर तिने प्रश्न विचारला. दोष मराठीचा नव्हता, मराठीत नीट न शिकविणाऱ्या बाईंचा होता.

गेली काही वर्षे आठवीच्या वर्गात मी हा पाठ स्वतः घेते. फळ्यावर 'संघराज्य' लिहिते, त्याखाली 'युनियन' आणि 'फेडरेशन' असे दोन रकाने आखते आणि मुलांना अमेरिका, कॅनडा, सोव्हिएत रशिया, युरोप, मराठेशाही आणि भारत कोणत्या रकान्यात बसवायचे, ते विचारते. भारतावर नेहमी वर्ग दुभंगतो. एकदा एका मुलाने भारताचे नाव दोन रकान्यांमधल्या रेघेवरच लिहिले. राज्यशास्त्राचे कितीतरी प्राध्यापक त्याच्या बाजूने उभे राहतील. परीक्षेत आता मी तो प्रश्न असा विचारते : भारताच्या वर्णनासाठी घटनाकारांनी 'फेडरेशन'ऐवजी 'युनियन' हा शब्द का निवडला? पटले नसल्यास कारण द्या.

ती विद्यार्थिनी पुढे कायदा शिकली, असे तिच्या वर्गमैत्रिणींकडून ऐकले. आजच्या मेळाव्याचे निमंत्रण तिच्या जुन्या पत्त्यावर धाडले होते. ते पोहोचले की नाही, कळले नाही. ती या सभागृहात असेल, तर चहाच्या वेळी मला भेटावे. त्या वर्षीची गुणनोंदवही कपाटात अजून आहे. तिच्या नावापुढे पाचांपैकी चार असा आकडा आहे आणि लाल पेन मी पर्समध्ये घेऊन आले आहे.